मागच्या पाइपचा निळा रंग

एकोणीसशे एकोणऐंशी साल होतं. पेट्रोल त्या वर्षी इतकं महागलं, की लोक गाड्या पळवण्यापेक्षा धुवून-पुसून दारात उभ्याच जास्त करत. आमचं त्यात भलं झालं. गाडीच्या पोटाखालून धूर मागे नेणारा पाइप आणि त्याचा डबा, म्हणजे सायलेन्सर, आम्ही स्टेनलेस स्टीलमध्ये बनवून देत असू. तो वापरून काळानिळा झाला, की परत पांढराशुभ्र करून देत असू. पुढे कारखाना, मागे घर आणि मध्ये स्वयंपाकघराचं दार. कारखान्यातली ठिणगी कधी स्वयंपाकघरात यायची आणि सासूबाईंचा आवाज कधीही कारखान्यात जायचा.

माझे सासरे, मामंजी, म्हणजे हातात येईल ते फेकणारा माणूस. पाना, पक्कड, चहाचा कप. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात एक हातोडा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा घेऊन खाली पडला.

"तुझ्यावर नाही फेकला, माशीवर फेकला," मामंजी म्हणाले.

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "मेली का माशी?"

अशा घरात मी सून होऊन आले आणि त्यातच रुळले. आता मागे वळून बघते तेव्हा त्या घराचा तो गोंगाटच आठवतो, स्टीलला चकाकी आणणाऱ्या बफच्या चाकाची घरघर, पत्र्यावरचे घाव आणि त्या दोघांची खडाजंगी. आता माझ्या खोलीत पंख्याचासुद्धा आवाज होत नाही. तेव्हा कान किटायचे, आता तो गोंगाट ऐकावासा वाटतो.

स्टेनलेसवर डाग पडत नाही, असं लोकांना वाटतं. पण स्टील तापलं की त्याच्या अंगावर रंग चढतो. आधी फिका पिवळा, वाळलेल्या गवतासारखा. मग सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा आणि शेवटी गर्द निळा. फिका रंग पॉलिशचं मलम लावून सुती फडक्यानं निघतो. निळ्याला मात्र आम्लाचा लेप लागतो, रबरी हातमोजे घालून, तोंड बाजूला करून. लोखंडी घासणी लावायची सक्त मनाई. लोखंडाचे कण स्टीलमध्ये बसतात आणि चार दिवसांनी गंज फुटतो. एका कामगारानं एकदा आळस करून ती लावली, तर मामंजींनी त्याच घासणीनं त्याचं कोपर सोलून काढलं होतं. तो माणूस पुढे अनेक वर्षं आमच्याकडेच राहिला. म्हणायचा, "म्हातारा वेडा आहे, पण काम शिकवतो."

माझ्या नणंदेला घरात सगळे चिमी म्हणत. आमचे हे थोरले, चिमी धाकटी. तिचं लग्न गाड्यांच्या एका दलालाशी झालं होतं. जुन्या गाड्या घ्यायच्या, नटवायच्या आणि विकायच्या, असा त्याचा धंदा. माणूस देखणा, बोलायला गोड. स्वतःची गाडी तर नवरीसारखी सजवून ठेवायचा. मामंजींनी लग्नात त्याला स्टीलचा पाइप भेट दिला होता, पुढून मागेपर्यंत एकसंध, स्वतःच्या हातानं वाकवलेला. चिमीपेक्षा त्या पाइपची पाठवणी करताना त्यांचे डोळे जास्त भरून आले, असं सासूबाई म्हणायच्या.

दोन-तीनदा चिमी सुजलेला ओठ घेऊन आली. सासूबाईंनी बर्फ लावला आणि परत पाठवली. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चिमी एकदा म्हणाली, "आई, दर वेळी मीच भांडं आणि तो हातोडा."

त्या उन्हाळ्यात एका सकाळी ती आली ती अनवाणी. दोन्ही हातांना पडद्याचं फाडलेलं कापड गुंडाळलेलं, ते रक्तानं वाळून कडक झालेलं. दारातच ओकली. मी तिला आत नेलं, कापड पाण्यात भिजवून सोडवलं, तर तळव्यांत काचा.

तिनं सांगितलं ते सरळ होतं. नवऱ्यानं तिला गाडीच्या शेडमध्ये ढकललं. गाडी चालू केली, पेडलवर वीट ठेवली, बाहेर जाऊन शटर ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. धूर भरत गेला. वर एक हातभर खिडकी होती. तिनं डब्यावर चढून हातांनीच ती काच फोडली आणि तोंड बाहेर काढून उभी राहिली. पुढचं तिला आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा शटर उघडं होतं आणि तो गाडी पुसत होता.

आमच्या ह्यांनी तेव्हाच पाना उचलला होता. सासूबाईंनी अडवलं. "आधी त्याचं ऐकू."

तो तिसऱ्या दिवशी आला, फळांची करंडी घेऊन. खुर्चीत बसून, सासूबाईंकडे बघत हळू आवाजात बोलला.

"आई, बॅटरी उतरली होती. पाच मिनिटं गाडी चालू ठेवली, बस. ही आत कधी आली मला ठाऊकच नाही. शटरला कुलूपसुद्धा नव्हतं. नुसतं उचललं असतं तरी चाललं असतं. पण हिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घाबरली आणि घातले काचेत हात."

"वीट?" ह्यांनी विचारलं.

"कसली वीट?" तो हसला. "दादा, मी माझ्या गाडीत वीट ठेवीन?"

ते मात्र सगळ्यांना पटलं. गाडीच्या गालिच्यावर धुळीचा कण चालत नसे त्याला. चिमीला लहानपणापासून मोठं करून सांगायची सवय होती, हेही खरं. मुंगी चावली तर विंचू म्हणायची. तेव्हा घरात ठरलं, की झालं गेलं विसरायचं आणि रविवारी त्यानं येऊन तिला घेऊन जायचं. मी म्हटलं, "हाताच्या जखमा तरी भरू देत." तर हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." चिमी माझ्या शेजारी झोपायची. झोपेत ती तोंड वर करून श्वास घ्यायची, पाण्याबाहेर काढल्यासारखी.

रविवारी जेवणं झाल्यावर तो आला. चिमीची पिशवी भरून दारात ठेवली होती.

"बाबा, आलोच आहे तर हा पाइप बघा," तो मामंजींना म्हणाला. "मागेपर्यंत निळा पडलाय. मित्र हसतात. म्हणतात, सासऱ्यानं डबडं गळ्यात मारलं."

कारखान्यात एक लोखंडी चढण होती. गाडी तिच्यावर चढवली, की तिचं पोट आपल्या छातीशी येई. मामंजींनी त्याला गाडी वर घ्यायला सांगितलं. तो खाली उतरलाच नाही. तिथेच बसून राहिला, खिडकीतून कोपर बाहेर काढून. मी त्याला चहा वर हात करून दिला. हे बाजूला टेबलाशी काम करत होते.

मामंजी खाली उभे राहून पाइप बघत होते. एंजिनाजवळचा वीतभर भाग सगळ्यांचाच निळा होतो. हा पाइप मात्र पार मागच्या डब्यापर्यंत निळाजांभळा झाला होता. मामंजींच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण जावई तो जावई. काही न बोलता त्यांनी डब्याजवळ तळहाताएवढ्या जागेवर लेप लावला, थांबले, धुतला, फडकं मारलं. तेवढा भाग आरशासारखा पांढरा निघाला.

वरून आवाज आला, "आठवड्यात परत निळा होणार, बाबा. माल हलका तो हलकाच." आणि मग हसत, "काय करणार? तुमच्याकडून दोन वस्तू घेतल्या, दोन्ही तशाच निघाल्या."

मामंजींनी मुलीबद्दलचं ऐकलंच नाही. त्यांनी फक्त स्टीलबद्दलचं ऐकलं.

"हलका?" त्यांनी फडकं आपटलं. "हलका म्हणता? अहो जावईबापू, हा पाइप सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पळवा, मागे रंग चढला तर मिशी काढीन! पळत्या गाडीला खालून वारा लागतो, मागचा भाग गारच राहतो. इथपर्यंत निळा करायचा तर गाडी एका जागी उभी करून, पेडल दाबून ठेवून, अर्धा-अर्धा तास जाळावी लागेल! असला मूर्खपणा कोण..."

ते तिथेच थांबले. त्यांनी पाइपकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या चिमीच्या हातांकडे पाहिलं.

सासूबाई तिच्या शेजारीच होत्या. त्या पुढे आल्या.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"अर्धा तास," मामंजी म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "जास्तच. कमी नाही."

सासूबाईंनी मान वर केली. "तुम्ही पाच मिनिटं म्हणाला होतात."

"माल हलका असला की पाच मिनिटांतही होतो, आई," तो म्हणाला. अजून हसत होता. "ते स्वतःचा माल वाईट आहे म्हणून सांगणार आहेत का?"

तेव्हा चिमी बोलली. आठवडाभर तिचा आवाज आम्ही धड ऐकला नव्हता.

"मग करा ना चालू. पाच मिनिटं. बाबांनी तेवढा तुकडा पांढरा केलाय. तो निळा झाला तर मी आत्ता गाडीत बसते. पुन्हा या दाराशी येणार नाही."

"चिमे," मी म्हटलं.

"वहिनी, असू दे."

त्याला नाही म्हणता आलं नाही. स्वतःच्याच बोलण्यात अडकला होता. सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणलं आणि पोटाशी धरून उभ्या राहिल्या. त्यानं किल्ली फिरवली.

नुसती चालू ठेवली नाही त्यानं. पेडल पार तळाला दाबलं. पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं, भिंतीवर टांगलेले पाने एकमेकांवर आपटायला लागले. त्याला तो तुकडा निळा करायचाच होता. आम्ही पाचही जण त्या तळहाताएवढ्या पांढऱ्या जागेकडे बघत उभे. मोठं दार सताड उघडं होतं, तरी धुराचा वास घशाशी आला. चिमी खाली वाकली, ओकली, तोंड पुसून परत उभी राहिली. मी तिला आत ओढायला लागले तर तिनं माझा हात झटकला.

पांढऱ्यावर काहीतरी आलं. मामंजी अगदी जवळ गेले, भुवया भाजतील इतके.

"पिवळा," ते ओरडले. "फिका पिवळा! गवताएवढासुद्धा नाही!"

"झाली पाच," सासूबाई ओरडल्या. "बंद करा!"

तो बंद करेना. दात ओठांवर रोवून समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि पाय दाबूनच होता. एंजिन किंचाळत होतं. तो थांबणार नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं. घड्याळ माझ्या हातात देऊन त्या बाई, पदर खोचून, त्या वयात, लोखंडी चढणीवर चढल्या. खिडकीतून हात घातला आणि किल्ली उपटून घेतली.

त्यानं दार धाडकन उघडलं. दार सासूबाईंच्या छातीवर बसलं. त्या चढणीवरून मागच्या मागे खाली पडल्या, कमरेवर. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला.

तो उडी मारून खाली आला. गोड बोलणं संपलं होतं.

"हो, कोंडली! अद्दल घडवायला कोंडली! मेली का? उभी आहे ना समोर थोबाड घेऊन?" त्यानं चिमीचं मनगट धरलं, जखमेवरच. ती किंचाळली. "चल गाडीत."

मामंजी मध्ये आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाला एकेरी हाक मारली. "अरे ए, सोड तिला." त्यानं त्यांच्या पोटात गुडघा घातला. म्हातारा दुमडला, तसा त्यानं मानेवर आणखी एक दिली. मामंजी ऐरणीच्या कडेवर तोंड आपटून पडले. दोन दात ऐरणीवरच राहिले.

हे तोवर आईपाशी बसले होते. तिथून उठले ते लाकडी मोगरी घेऊनच. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा हुकला. त्याच्या हाताला चाकाचा लांब पाना लागला. तो त्यानं आडवा फिरवला आणि ह्यांच्या कानावर बसला. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. हे गुडघ्यावर आले. त्यानं परत पाना उचलला. तो डोक्यातच घालणार होता, माझी खात्री आहे. मी धावले आणि त्याच्या दंडाला चावले. दुसरं काही सुचलंच नाही. तोंडात रक्ताची आणि कापडाची चव आली, तरी सोडलं नाही. त्यानं मला केसांना धरून भिंतीवर फेकलं, पण पाना खाली पडला.

तेवढा वेळ ह्यांना पुरला. त्यांनी त्याला खालून कंबरेत धरलं आणि गाडीच्या पोटाखाली रेटत नेलं. दोघं पाइपला जाऊन धडकले. ह्यांनी त्याचा उजवा हात पकडला, मनगट पिळून तळवा उलगडला आणि त्या तापलेल्या पाइपवर दाबला.

तो जे ओरडला ते माणसाचं ओरडणं नव्हतं. हे सोडत नव्हते. कानातून रक्त गळत होतं, डोळे लाल, तोंडानं एकच शब्द, "मोज. मोज. पाच मिनिटं मोज."

मी भिंतीशी बसून बघत होते. ओरडून थांबवावं असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

थांबवलं चिमीनं. ती खाली वाकून गाडीखाली गेली, भावाच्या पाठीवर आपला फाटका तळवा ठेवला.

"दादा, पुरे. सोड. वास येतोय."

ह्यांनी सोडलं. तळव्याची कातडी पाइपला चिकटून राहिली. तो हात छातीशी धरून रस्त्यावर पळत गेला, गाडी तशीच चढणीवर टाकून. शेजारचा सुतार दारात येऊन उभा होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "आधी म्हातारीला उचला."

पोलीस आले ते ह्यांनाच न्यायला. भाजलेला हात सगळ्यांना दिसत होता. चिमीच्या जखमा काचेच्या, आणि काच तिनंच फोडलेली. कोर्टात मामंजींनी तो पाइप कापून नेला होता. सगळा निळाजांभळा, मध्ये तेवढा तुकडा पिवळसर पांढरा. न्यायाधीशांनी तो हातात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "काम सुबक आहे." विरुद्ध बाजूचा वकील म्हणाला, की रंगावरून खटला चालत नसतो, आणि त्याची कबुली काय, घरच्यांनीच ऐकलेली. ह्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. चिमीला घटस्फोट मिळाला, पण शेडमधल्या त्या दिवसाची शिक्षा कुणालाच झाली नाही.

सासूबाईंची कंबर कधी सरळ झाली नाही. काठी घेऊन चालायच्या. चिमीला परत पाठवायला निघालो होतो, याबद्दल त्या उभ्या आयुष्यात एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त तिचं ताट आधी वाढायच्या, मामंजींच्याही आधी. मामंजींना जेवणासाठी थांबावं लागलेलं मी त्यानंतरच पाहिलं.

मामंजी पुढचे दात नसल्यामुळे बोबडं बोलायला लागले आणि त्यांच्या शिव्यांची धार गेली. हे सुटून आल्याच्या पुढच्या वर्षी बफच्या चाकासमोरच ते बसल्या जागी गेले. चाक फिरतच होतं. सासूबाईंना वाटलं काम चाललंय, म्हणून कुणी लवकर बघितलंच नाही.

ह्यांचा डावा कान कायमचा गेला. तुरुंगातून आले ते शांत होऊन आले. पुढे कुणावर हात उचलला नाही, आमच्या मुलांवरसुद्धा नाही. तापलेला पाइप कुणी साफ करायला आणला, की तो थंड होईपर्यंत बाहेर अंगणात जाऊन उभे राहायचे. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

कारखाना चिमीनं चालवला. आम्लाच्या लेपात तिचा हात सगळ्यांपेक्षा चांगला बसला, आणि शिव्या देण्यात तोंड मामंजींवर गेलं. पुन्हा लग्न केलं नाही. बंद खोलीत झोपायची नाही, हिवाळ्यातसुद्धा खिडकी उघडी. शेवटच्या आजारात तिची खाट मी कारखान्याच्या मोठ्या दारापाशी आणून टाकली होती. तिथेच ती गेली.

आणि तो. त्याच्या उजव्या हाताची बोटं आत वळून राहिली, पण धंदा चालू राहिला. तीन वर्षांनी त्यानं दुसरं लग्न केलं. चिमीला कळलं तेव्हा ती त्या बाईला भेटायला गेली होती. मी बरोबर होते. दार त्या बाईनंच उघडलं. वयानं लहान होती, हातात पिठाचं भांडं होतं. चिमीनं आपले तळवे तिच्यासमोर धरले आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी सांगितलंय मला. तुम्ही बॅटरीच्या वेळी घाबरला होतात ना?" आणि दार लावून घेतलं. पुढे ते लोक घर विकून गेले. ती बाई माहेरी परत गेली असं कुणी म्हणालं, नाही गेली असंही कुणी म्हणालं. चिमी जिवंत होती तोवर विचारत राहिली, नंतर मीही विचारलं. खरं काय ते आम्हाला कळलं नाही.